वरून चौदावं नाव

भाईंदर पश्चिम,
कार्तिक शुद्ध दशमी, १९९७

दाजींच्या पायांशी आत्मारामचा नमस्कार. हा नमस्कार मी स्वतःच्या हाताने, चहाचा कप शेजारी ठेवून, शुद्धीत लिहितो आहे. अक्कालाही नमस्कार सांगा. तिचा गुडघा आता जिना चढू देतो का? तांबू गाय व्यायली की अजून वाटच पाहायला लावते आहे? यंदा तुमच्याकडे भात उशिरा कापलं असं ऐकलं. इकडे आम्हा सर्वांचं ठीक आहे. 'सर्वांचं' या शब्दात मीही येतो, हे मुद्दाम लिहितो.

तार मिळाली असेलच. स्टेशनाजवळच्या तार ऑफिसात मी मजकूर दिला, 'आत्माराम जिवंत. काळजी नको. पत्र मागाहून.' खिडकीतल्या बाबूने तो दोनदा वाचला आणि पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, आत्माराम. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "काका, गेल्याच्या तारा रोज घेतो. असल्याची पहिल्यांदाच घेतोय." मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही. (घरी आल्यावर सौ.ला सांगितलं, तिलाही आलं नाही. तिच्या हातात तुमचं पत्र होतं.)

तुमच्या त्या पत्राबद्दल आधी लिहितो. ते सौ.च्या नावाने रजिस्टरने आलं, आणि दार मी उघडल्यामुळे पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. स्वतःच्या दुखवट्याचं पत्र स्वतः सही करून घेणारी माणसं फार नसावीत. पत्र चांगलं आहे, दाजी. 'गरीब स्वभावाचा होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात,' हे वाक्य मी दोनदा वाचलं. अक्काने तसंच उठून डोक्यावरून पाणी घेतलं, दोन वेळा जेवली नाही, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुम्ही देवळात गुरवालाही कळवलंत, तेही रीतीप्रमाणेच. फक्त दुसऱ्या पानावर 'भाईंदरला त्याची एवढी भातशेती होती हे त्याने आम्हांला कधी बोलून दाखवलं नाही, तिचं आता काय करायचं ठरलं आहे' असं जे विचारलं आहे, आणि त्याखाली माझ्या लांब दांड्याच्या छत्रीची जी चौकशी आहे, तिथे मी थोडा थांबलो. शेतीचा खुलासा पुढे येईल.

माझी भाईंदरला शेती नाही. तिसऱ्या मजल्यावर तीनशेतीन नंबरची खोली आहे, हे तुम्ही पाहिलेलं आहे. शेती शेजारच्या तीनशेचारमधल्या धर्माजींची होती, आणि वारले तेही धर्माजीच. गेल्या वर्षी याच कार्तिकात. आमची ही इमारत उभी आहे तिथे त्यांचं भाताचं खाचर होतं, आणि पलीकडे खाडीकडे मिठागर. मूळचे ते जवळच्याच राई गावचे. त्यांनी जमीन दिली, बिल्डरने त्यांना वरची खोली दिली. राईतल्या भावांना ते आवडलं नाही. पिढीजात जमीन देऊन तू बिल्डिंगीत जाऊन बसलास, आता तू आमच्यातला नाहीस, असं ते तोंडावर म्हणाले. इकडे इमारतीतल्या लोकांनाही ते आपले वाटले नाहीत, कारण ते धोतर नेसून जिना उतरायचे आणि पार्किंगमध्ये उभे राहून गाडीवाल्यांना सांगायचे, "ही गारी बांदावर ठेवली तुमी." (बांध कधीच गाडला गेला होता. त्यांना तो दिसायचा.) माझी त्यांची ओळख गच्चीवरची. मी पहाटे जपाला जायचो, ते भरती पाहायला यायचे. मी डोळे मिटून बसायचो, ते डोळे उघडे ठेवून. त्यांना जास्त दिसत असावं.

आता अहवालाचं. आमच्या सोसायटीचा दरवर्षी अहवाल निघतो आणि दरवर्षी नावांवरून भांडण होतं. गेल्या वर्षी एका माणसाच्या नावात चूक झाली, तीच चूक पाच पानांवर पाच तऱ्हांनी झाली, आणि त्या गृहस्थाने पाण्याची मोटर बंद करून ठेवली. म्हणून यंदा आमचे खजिनदार विपुलभाई शहा यांनी घरच्या कॉम्प्युटरवर अहवाल करायचं ठरवलं. विपुलभाईंचं स्टेशनाजवळ भांड्यांचं दुकान आहे आणि माणूस फार उत्साही आहे. त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं. "आत्मारामभाई, सगळ्या मेंबरचं नाव एक फाइलमां लिहायचं. बस, एकच वार. मग रिपोर्टमध्ये नाव लिहायचंच नाय. रिपोर्टमध्ये फक्त लिंक. तिकडे नाव सुधारलं, इकडे आपोआप सुधरी जाय."

मला कळेना. नाव लिहिलेलं नाही, तर दिसतं कसं? ते म्हणाले, "टीव्हीवर बातमी देणारी बाई तुमच्या टीव्हीमां बसली आहे काय? ती बसली आहे दिल्लीत. तुमच्याकडे फक्त दिसते. तिने साडी बदलली, तुमच्याकडे बदलली." मग ते शोकेसमधल्या बाहुलीवर आले. ती मात्र तुमच्याच घरात असते, तिची साडी दिल्लीहून बदलत नाही. अहवालात दोन्ही प्रकार करता येतात म्हणे. नाव इथेच पक्कं बसवायचं, बाहुलीसारखं. किंवा दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवून ठेवायचं, बाईसारखं.

दाजी, मी त्या दिवशी घरी येऊन देव्हाऱ्यापुढे बराच वेळ बसलो. आपल्या कुळदेवाचा चांदीचा टाक माझ्याकडे आहे. मूळ देव गावी. मग हा टाक म्हणजे बाहुली की टीव्हीतली बाई? देव इथे पक्का बसलेला आहे, की हे नुसतं गावाकडे दाखवलेलं बोट आहे? तिकडे देवळात दिवा लागला नाही, तर माझ्याकडे अंधार पडतो का? मी हे सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "आधी इथला लावा. तेल संपून तास झाला."

अहवालात धर्माजींसाठी श्रद्धांजलीचं एक पान ठेवायचं ठरलं, आणि मराठी बरं म्हणून ते मला लिहायला सांगितलं. हे पान व्हावं म्हणून धर्माजींच्या पत्नी पुष्पलताबाई माझ्याकडे स्वतः आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्या दाराशीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, मना काय नको. फकस्त माजे मानसाचा नाव छापून येव द्या. वरीससराद राईला घालाचा हाय. दीर म्हंतान, बिल्डिंगवाले त्याला वलखत पन न्हाय. मी तो कागुद त्यांचेम्होरं ठेवीन." एवढंच त्यांचं मागणं. राईने टाकलेला माणूस निदान बिल्डिंगीने आपला म्हटला, एवढं त्यांना वर्षश्राद्धाच्या निमित्ताने दिरांपुढे दाखवायचं होतं.

मी आठ दिवस त्या पानावर होतो. नोकरीत मी आवक-जावकचा कारकून, माझ्या हातून आजवर 'सोबत जोडल्याप्रमाणे' याच्यापुढे वाक्य गेलेलं नाही. पण ते पान जमलं. 'ज्या जमिनीवर आपण झोपतो, तिला यांनी स्वतःच्या हाताने बांध घातला होता,' असं मी लिहिलं. 'यांना भरती घड्याळाआधी कळत असे,' असंही लिहिलं. पानात नाव चार ठिकाणी यायचं होतं. मी कागदावर तिथे धर्माजी लिहिलं होतं, विपुलभाईंनी चारही ठिकाणी लिंक घातली. म्हणजे चार बोटं दाखवून ठेवली, नावांच्या यादीत वरून चौदाव्या ओळीकडे.

इथे लक्ष द्या, दाजी, कारण मी मेलो तो इथे. त्या यंत्राला धर्माजी हे नाव ठाऊक नव्हतं. त्याला फक्त 'वरून चौदावा' एवढंच ठाऊक होतं. तळमजल्याच्या दोन खोल्या, मग एकेका मजल्यावर चार, अशा हिशेबाने तीनशेचार चौदावा येतो. पुढे काय झालं, तळमजल्याच्या दुकानदाराला सभासद करून घेण्याचा ठराव झाला, आणि विपुलभाईंनी त्याचं नाव यादीत घातलं. खाली घातलं असतं तर मी आज इतका उदास नसतो. पण दुकान तळाला, म्हणून त्यांनी ते यादीत सर्वांत वर घातलं. त्याबरोबर सगळी इमारत एकेक ओळ खाली सरकली. धर्माजी पंधरावे झाले. आणि चौदाव्या जागी कोण आलं, तर तीनशेतीन.

छापायच्या दिवशी विपुलभाईंनी अहवाल उघडला. कॉम्प्युटरने म्हणे विचारलं होतं, लिंका ताज्या करू का? होय की नाही? मी त्यांना नंतर विचारलं, तुम्ही काय केलंत? ते दुखावून म्हणाले, "ताजं करू का विचारतो, तर नाय कोण बोलणार? शिळं ठेव बोलू?" त्यांनी होय म्हटलं, कागद काढले, न वाचता स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेले. तिथून गरम गठ्ठा घेऊन मी घरी आलो आणि पहिली प्रत, आतलं पान न उघडता, पाकिटात घालून तुम्हांला पाठवली. माझं लिहिणं तुम्ही वाचावं अशी हौस होती. म्हणजे माझ्या मरणाची बातमी माझ्याच अक्षरातल्या पत्त्याने तुमच्याकडे आली. तुम्ही पत्रात 'पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं, बहुधा शेवटचं असावं' असं लिहिलं आहे. अक्षर माझंच, शेवटचं नाही.

आता अहवालात काय काय झालं ते ऐका. चेअरमन चारशेदोनचे, तर चेअरमन म्हणून नाव आलं चारशेएकचं, जो गृहस्थ तीन निवडणुका पडलेला आहे. (त्याने ते पान फ्रेम करून दारात लावलं आहे.) चारशेतीनवाल्यांना गच्चीवर कबुतरं पाळल्याबद्दल तंबी द्यायची होती, ती मिळाली खऱ्या चेअरमनना. चेअरमननी ती स्वतःच सही करून स्वतःला दिली. आणि श्रद्धांजलीच्या पानावर श्री. आत्माराम रेडकर यांची भातशेती, श्री. आत्माराम रेडकर यांचा बांध, राईच्या मातीत जन्मलेले श्री. आत्माराम रेडकर, आणि शेवटी, सोसायटी श्री. आत्माराम रेडकर यांना कधीही विसरणार नाही.

अहवाल रविवारी घरोघर वाटले. वाटले मीच. लोकांनी दारात माझ्या हातून ते घेतले आणि थँक यू म्हटलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. जिन्यात लोक भेटत होते, "काय रेडकर, पाणी आलं का?" विचारत होते. चेअरमन आणि कबुतरं यावरून बुधवारी गदारोळ झाला, पण माझ्या मरणाचा विषय कोणी काढला नाही. मी स्वतः गुरुवारी वाचलं. वाचून जिन्यात बसलो. लोकांनी वाचलंच नाही म्हणून बोलले नाहीत, की वाचलं आणि फरक पडला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. वॉचमनला धीर करून विचारलं, तुला काही कळलं का रे? तो म्हणाला, "तीनसौतीन में कुछ हुआ क्या साब?" त्याच्या लेखी मीही नंबरच. मग वाटलं, त्या कॉम्प्युटरला का दोष द्यावा? गावी आपण कोणाचा कोण म्हणून ओळखले जातो. इथे कितवा म्हणून. उद्या कोणी वर एक माणूस घातला की आपला हार शेजाऱ्याच्या गळ्यात, आणि शेजाऱ्याची कबुतरं आपल्या नावावर.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण शुक्रवारी दुपारी पुष्पलताबाई दाराशी आल्या. त्यांनी कोणाला न विचारता, ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रिक्षाने राईला नेलं होतं. दिरांपुढे ठेवलं. पुतण्याला वाचायला दिलं. तो वाचू लागला आणि सगळे शांत ऐकत होते. पहिल्यांदा नाव आलं तेव्हा त्यांना वाटलं, पुतण्याच चुकला. चौथ्यांदा आलं तेव्हा घर हसत होतं. मोठा दीर म्हणाला, "बग वयनी, त्यांनी पन त्याला ठेवला न्हाय. दुसराच मानूस मारला त्याचे बदली."

मला हे सांगताना त्या रडल्या नाहीत. पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "यान तुमचा नाव हाय, भावजी. तुमी तं जिते हाव. माजा मेला त्याचा कुठंच न्हाय."

 

मी तसाच विपुलभाईंच्या दुकानात गेलो. त्यांना खरंच वाईट वाटलं. हातातली कळशी खाली ठेवून त्यांनी कानाला हात लावला, दुकान बंद करून माझ्याबरोबर घरी आले, आणि लिंका तोडल्या. तसं करता येतं. लिंक तोडली की त्या क्षणी जे दिसतंय ते तिथेच पक्कं होतं, बोटाची बाहुली होते. मग त्यावर मी स्वतः, एका बोटाने, धर्माजी असं चार वेळा टाइप केलं. आता यादीत कोणीही कुठेही सरकलं तरी ते नाव हलणार नाही. विपुलभाई म्हणाले, "पण आता तिकडे काय बदललं तर इकडे कळणार नाय हां. तोडलं ते तोडलं." मी म्हटलं, त्यांच्याबाबत आता काय बदलायचं राहिलंय?

नवं पान घेऊन मी शेजारी गेलो. सौ. बरोबर होती. मी ते पुष्पलताबाईंना वाचून दाखवलं, चारही नावं सावकाश घेतली. त्यांनी पान हातात धरून अक्षरांवरून बोट फिरवलं. मग परत दिलं. म्हणाल्या, मी हे राईला नेलं तर ते म्हणतील, बाईने रडून दुसरं छापून घेतलं. कागदावर आता त्यांचा इस्वास नाही. मी विचारलं, मग काय करू? त्या म्हणाल्या, "तुमी या वरीससरादाला. तुमीच वाचा. ज्याचा नाव छापला व्हता त्यो जिता मानूस म्होरं उबा ऱ्हाला, म्हंजे चूक कोनाची ती त्यांना दिसंल."

सौ. मला कोपराने ढोसत होती. मी हो म्हटलं. आपल्याला लोकांपुढे उभं राहायची सवय नाही, शाळेत प्रार्थना म्हणायची पाळी आली की मी मागच्या रांगेत जायचो, हे अक्काला माहीत आहे. तरी हो म्हटलं.

असो. पत्र लांबलं. अक्काला जेवायला सांगा. माझं मरण हे केवळ एका ओळीच्या अंतराने झालेलं आहे, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगा. मला जमलं नाही. मुलांना आशीर्वाद. तुम्ही केलेला शोक वाया गेला असं मानू नका, पुढेमागे उपयोगी पडेलच.

आपला, अजून तीनशेतीनमध्ये राहणारा,
आत्माराम

ता. क. : धर्माजींचं वर्षश्राद्ध कार्तिक वद्य पंचमीला आहे. तुमच्या लक्षात आलंच असेल, त्याच दिवशी आपल्या देवाची जत्रा. नोकरीला लागल्यापासून मी एकही जत्रा चुकवलेली नाही, यंदा येणार नाही. हे लिहायला मी चार पानं घेतली, माफ करा. तुम्ही गुरवाला माझं कळवलं आहे, म्हणजे तो गाऱ्हाण्यात मुंबईकरांची नावं घेताना माझं गाळणार. त्याला आजच भेटा. माझा नारळ तुम्ही ठेवा आणि माझं नाव जित्यांत घ्यायला सांगा. विपुलभाईंनी सांगितलं होतं, मूळच्या फाइलीतून नाव पुसलं तर लिंकेच्या जागी नुसती चूक झाल्याची पाटी येते. माझी लिंक तोडू नका. गुरव नाव घेईल तेव्हा सगळ्यांबरोबर तुम्हीही 'व्हय म्हाराजा' जरा मोठ्याने म्हणा. मी त्या वेळी राईत धर्माजींचं पान हातात घेऊन उभा असेन.

ता. क. २ : जमलं तर माझ्यामागून पुष्पलता, मुक्काम भाईंदर, एवढं एक नाव जास्त घ्यायला सांगा. ती कोण, कोणाची, असं गुरव विचारील. आमच्यातली, म्हणा.

ता. क. ३ : छत्री पार्सलने पाठवत आहे. तुम्ही एकदा मागितलीत. आता केवळ मी जिवंत आहे एवढ्यासाठी नाही म्हणणं मला बरं वाटत नाही.